बुरूज बांधण्यापूर्वी

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१ ते ५, लूक १४:२८ ते ३०, २ राजे ४:१ ते ७.



मृग नक्षत्र लागले म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यात दोन चिंता एकाच दाराने घरात शिरतात. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या पुढील शिक्षणाची. बारावीचा निकाल लागलेला असतो. ज्या पैशातून बियाणे व खत आणावयाचे, त्याच पैशाकडे मुलाचीही दृष्टी असते. बाप आभाळाकडे पाहतो, आई डब्यातील पैसे मोजते आणि मूल मोबाइलवर महाविद्यालयांची नावे वाचीत बसते. तिघेही एकाच छपराखाली असतात, परंतु एकमेकांशी बोलत नाहीत. या अबोल्याविषयीच आज आपणांशी बोलावे असे आम्ही योजिले आहे.

अनेक घरांत जे ऐकू येते ते एकत्र करून आपण एक घर डोळ्यांपुढे उभे करू. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील कोणतेही गाव घ्या. तीन एकर कोरडवाहू जमीन; तिच्यात सोयाबीन व तूर. बाप शेती करतो, आई निंदणाला जाते. थोरली मुलगी विज्ञान शाखेतून बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. तिला अन्न तंत्रज्ञान शिकावयाचे आहे. आपल्या बापाने पोत्याच्या भावाने विकलेले सोयाबीन दुकानात निराळ्या रूपात व कितीतरी अधिक किमतीस विकले जाते, हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. हे कसे होते, ते आपल्या गावात का होऊ नये, हा प्रश्न तिच्या मनात घर करून राहिला आहे. अशात एक नातलग पुण्याकडील एका खाजगी विद्यापीठाचे रंगीत पुस्तक घेऊन येतो. त्यात तिला हवी तीच पदवी आहे. आणि फी समजा वर्षाला दोन लाख आहे. बाप म्हणतो, “एक एकर विकू.” आई म्हणते, “धाकट्याचे काय?” आजी म्हणते, “पोरीच्या जातीला एवढे शिक्षण कशाला?” मुलगी काहीच बोलत नाही. रात्री दिवा मालवतो आणि प्रश्न तसाच राहतो.

या घरास पवित्र शास्त्र काय सांगते, ते आपण क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट ही की, मुलाच्या आवडीस हसू नये. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या एका मनुष्याची गोष्ट आहे. तो यहूदाच्या वंशातला, ऊरीचा मुलगा. तो संदेष्टा नव्हता, याजक नव्हता, सेनापतीही नव्हता. तो कारागीर होता. सोने, रुपे व पितळ घडविणे, रत्नांस पैलू पाडणे, लाकूड कोरणे, हे त्याचे काम. तरी देवाने त्याचे नाव घेऊन त्यास बोलाविले; आणि ज्या आत्म्याने संदेष्टे बोलले त्याच आत्म्याने त्याचे हात भरले, असे शास्त्र सांगते. देवाने त्यास सर्व विद्या थोड्या थोड्या दिल्या नाहीत. एका विशेष कामाची बुद्धी दिली, कारण निवासमंडप उभारावयास तिचीच गरज होती.

तेव्हा आपल्या मुलाने डॉक्टर, इंजिनिअर व मास्तर ही तीनच नावे न घेता एखादे अनोळखी नाव घेतले, तर “असले शिकून कोणाचे भले झाले?” असे एकदम म्हणू नका. परिचर्या, अन्न तंत्रज्ञान, वनविद्या, मत्स्यशास्त्र, वस्त्रकला, बहिऱ्यामुक्यांचे शिक्षण, ही सर्व सेवेचीच दारे आहेत. त्यांपैकी एखादे देवाने आपल्या घराकरिता उघडले नसेल असे कोणी सांगावे?

परंतु आवड आहे हे कशावरून ओळखावे? सतरा वर्षांच्या वयात मन पुष्कळ गोष्टींवर बसते आणि उठतेही. याची परीक्षा कठीण नाही. अकोल्यास डाळीच्या गिरण्या पुष्कळ आहेत. कोणाच्या ओळखीने त्या मुलीस आठ दिवस तेथे काम पाहू द्यावे. धूळ, यंत्राचा आवाज, दिवसभर उभे राहणे, मालाची पारख, हे सर्व तिने डोळ्यांनी पाहावे. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीने चार दिवस रुग्णालयातील आजाऱ्याजवळ बसून पाहावे. काम पाहिल्यावरही जी आवड टिकते तिला पाया आहे असे समजावे. जी केवळ रंगीत पुस्तक पाहून उत्पन्न झाली, ती बहुधा आठ दिवसांत ओसरेल. आणि चार वर्षांच्या फीपेक्षा हे आठ दिवस पुष्कळच स्वस्त.

दुसरी गोष्ट ही की, हिशोब करणे हा अविश्वास नव्हे. आपल्या मंडळीत काही भाविक माणसे म्हणतात, “देव देईल, आकडे कशाला मांडावयाचे?” त्यांच्या विश्वासाचा आम्ही आदर करितो. परंतु ज्या प्रभूने उद्याची चिंता करू नका असे शिकविले, त्यानेच बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत सांगितला, हे विसरून चालणार नाही. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसतो, खर्चाचा अंदाज करितो आणि काम तडीस नेण्याइतके आपल्याजवळ आहे की नाही ते पाहतो. जो असे करीत नाही त्याचा पाया तेवढा घातला जातो, भिंती उभ्या राहत नाहीत आणि येणारेजाणारे हसतात. प्रभूने हे शिष्य होण्याची किंमत समजावी म्हणून सांगितले, हे खरे. तथापि त्याने दाखला घेतला तो आपल्यासारख्याच घरबांधणाऱ्याचा. दृष्टांतातील “आधी बसतो” हा शब्द ध्यानात धरा. आपण बहुतेक उभ्याउभ्याच ठरवितो. कधी रागात, कधी शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून, कधी प्रवेशाची मुदत उद्या संपते म्हणून.

शेतकऱ्यास हे समजाविण्याची खरे तर गरज नाही. पहिला पाऊस पडताच सगळे बियाणे एकाच दिवशी मातीत घालणाऱ्यास दुबार पेरणीचे दुःख ठाऊक असते. जो शहाणा, तो ओल किती खोल गेली ते मूठभर माती उकरून पाहतो. मुलाच्या शिक्षणाचीही ओल तशीच पाहावी.

तर मग ते घर बसो आणि आपण त्याच्याबरोबर बसू. कागद घ्यावा आणि मुलीच्याच हातात लेखणी द्यावी. समजा, चार वर्षांच्या फीकरिता दर वर्षी दोन लाख याप्रमाणे आठ लाखांचे कर्ज काढले आणि व्याज दरसाल दर शेकडा दहा आहे. शिक्षण चालू असता आणि त्यानंतरही साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत. म्हणून पुष्कळांस वाटते की, तोपर्यंत कर्ज झोपलेले असते. बंधूंनो, कर्ज झोपत नाही. पहिल्या वर्षाचे दोन लाख पाच वर्षे व्याज वाढवितात, दुसऱ्या वर्षाचे चार, तिसऱ्याचे तीन आणि चौथ्याचे दोन. सरळ व्याजाने ही रक्कम २ लाख ८० हजार होते. म्हणजे पहिला हप्ता देण्याच्या दिवशी ऋण १० लाख ८० हजार झालेले असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १४ हजार २७० रुपये येतो आणि शेवटी भरलेली रक्कम १७ लाखांच्या वर जाते. वसतिगृह व खाणावळ यांचा खर्च यात धरलेलाच नाही. मुलीस पहिली नोकरी २० हजारांची लागली, तर हप्ता देऊन तिच्या हाती पावणेसहा हजारही राहत नाहीत. त्यात तिने शहरात खोली घ्यावी, जेवावे आणि घरीही पाठवावे!

आता दुसरी ओळ मांडावी. तीच विद्या कमी फीच्या सरकारी महाविद्यालयात शिकता आली आणि वर्षाला पन्नास हजारच कर्ज लागले, तर चार वर्षांचे दोन लाख, त्यावर व्याज ७० हजार आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३ हजार ५७० रुपये. पहिल्या ओळीच्या बरोबर चौथा हिस्सा. व्याजात सवलत मिळाली तर दोन्ही आकडे उतरतील. परंतु सवलत हाती येईपर्यंत ती जमेच्या बाजूस लिहू नये. हे दोन आकडे मुलीने स्वतःच्या हाताने लिहिले म्हणजे बापाला “नाही” म्हणण्याची वेळ बहुधा येतच नाही. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभे असलेले मूल आपणांस वाटते त्याहून अधिक समजूतदार असते. मात्र त्याच्यापासून घरची खरी स्थिती लपविलेली नसावी. पुष्कळ बाप मुलास दुःख होऊ नये म्हणून कर्ज लपवितात. ही माया खरी, पण तिचा परिणाम वाईट. ज्या ओझ्याची खबर नाही ते मूल वाटून कसे घेणार?

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, ही की देवाने दिलेले दान निराळे आणि महाविद्यालयाचे नाव निराळे. मुलीस अन्न तंत्रज्ञान हवे आहे. रंगीत पुस्तकातील इमारत हवी आहे असे नव्हे. आपल्या वाशिमाहून पूर्णेकडे जाणारी आगगाडी हिंगोलीवरून पुढे जाते, आणि पूर्णेपलीकडे थोड्याच अंतरावर परभणी आहे. तेथील कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि त्यात अन्न तंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. उत्तरेकडे जाणारी गाडी अकोल्यास नेते. तेथे १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. आपले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून चालू आहे. रंगीत पुस्तके दारी येतात; हा जवळचा शोध मात्र आपला आपण करावा लागतो.

आणि तेथेही जागा न मिळाली तर? तर जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन साधी विज्ञानाची पदवी घ्यावी आणि तिच्या आधारे पुढे अन्नशास्त्राकडे वळावे, हीही वाट आहे. ती लांबची आहे हे खरे. परंतु लांबच्या वाटेने गेलेली माणसेही पोहोचतात.

पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ साली त्या आपली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन इंग्लंडास गेल्या. त्यांची इच्छा वैद्यक शिकण्याची होती. हिंदुस्थानातील स्त्रियांस स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. इच्छा शुद्ध होती, बुद्धी असामान्य होती. परंतु त्यांस ऐकू कमी येत असे आणि त्या कारणाने ते दार बंद झाले. त्या विधवा होत्या, परक्या देशात होत्या आणि पदरी लहान मूल होते. अशा वेळी दुसऱ्या कोणी हाय खाऊन परतीची बोट धरली असती. रमाबाईंनी चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविले आणि स्वतः इतर विद्या शिकल्या. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लहान मुलांस शिकविण्याच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि अनाथ मुलींस आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनाने किती जणींस आसरा दिला हे आपण जाणताच. ज्या स्त्रियांकरिता त्यांस डॉक्टर व्हावयाचे होते त्यांचीच सेवा त्यांनी केली. केवळ हातातील साधन बदलले. हवी ती पदवी न मिळाल्याने पाचारण नष्ट झाले नाही.

ज्यांच्या पदवीदानाकरिता रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांचीही आठवण येथे करू. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. आणि एक वर्षही पुरे झाले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्या वारल्या. त्यांच्या धैर्यास आम्ही नमस्कार करितो. परंतु त्यांच्या आयुष्यापासून आईबापांनी एवढे शिकावे की, शिक्षणाचा खर्च रुपयांतच होतो असे नाही. शरीरही खर्ची पडते. मूल कोठे राहील, काय जेवील, आजारी पडल्यास कोण पाहील, हेही कागदावर लिहावे. फी भरण्याकरिता जेवण कमी करणारे मूल आईबापांस ते कधीच सांगत नाही.

चौथी गोष्ट कर्जाची. दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील विधवा देवाच्या सेवकाचीच बायको होती. तिचा नवरा देवाचे भय बाळगणारा होता, तरीही तो कर्ज ठेवून मेला. आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला. अलीशाने तिला काय विचारले? “तुझ्या घरात काय आहे?” हे त्याने विचारले. तेलाची एक कुपी होती. मग शेजाऱ्यांची भांडी आली, तेल ओतले गेले, आणि संदेष्ट्याने सांगितले की ते विकून कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा. अद्भुत घडले, तरीही आधी कर्ज फेडावयाचे होते, हे ध्यानात ठेवा.

या गोष्टीवरून आम्ही असे म्हणत नाही की शिक्षणाकरिता कर्ज काढणे पाप आहे. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. तिच्यासोबत संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांस परत यावे लागले. त्यांनी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी मागून घेतली, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठविला, आणि १९२० साली ती शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनास गेले. १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. कर्ज त्यांनीही काढले. पण आधी स्वतः मिळविले व वाचविले, आणि उरलेल्या अंतरापुरतेच कर्ज घेतले. शिवाय शिष्यवृत्तीच्या कागदावर कोणती अट असते आणि ती पुढे कशी उभी राहते, हेही यावरून दिसते. सही करण्यापूर्वी अटी मोठ्याने वाचवून घ्याव्या.

म्हणून अलीशाचा प्रश्न आधी विचारा : घरात काय आहे? घरात म्हणजे मडक्यातच नव्हे. आपल्या हक्काचे जे आहे तेही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयाप्रमाणे, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय पद्धतीने झालेला असावा. संस्थेच्या व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेस ही माफी नाही. मुलांकरिता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक नामांकित संस्थांत गुणांवर प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळू शकते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही, हे पाहूनच पुढे जावे.

येथे दोन मोहांविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. पहिला मोह दलालाचा. “देणगी भरा, जागा मिळवून देतो,” असे म्हणणारा मनुष्य निकालानंतर गावोगाव फिरू लागतो. प्रवेशाकरिता देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ सालच्या कायद्याने मनाई आहे. अशा मनुष्यास जमिनीचे पैसे देणे म्हणजे बियाणे रस्त्यावर टाकणे होय. पदवी देणाऱ्या संस्थेस खरी मान्यता आहे की नाही, हेही तपासावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करितो. परिचर्येसारख्या विद्येस तिच्या परिषदेची मान्यता लागते.

दुसरा मोह अधिक जवळचा आहे. उत्पन्नाचा खोटा दाखला काढून सवलत घ्यावी, “सर्वच करितात,” असे मन म्हणते. बंधूंनो, ज्या कागदावर आपल्या मुलाचे शिक्षण उभे राहावयाचे त्याच कागदावर खोटे लिहून दिल्यावर चांगल्या चालीचा उपदेश त्यास कोणत्या तोंडाने करावा? आणि आपण घेतलेली ती जागा किंवा ती रक्कम खऱ्या गरजवंताच्या ताटातून उचललेली असते. सेतू केंद्रात उभे असतानाही आपण देवासमोरच उभे आहो, हे विसरू नये.

आणि जमिनीविषयी? आम्ही नियम घालून देत नाही, परंतु आपले मत सांगतो. तीन एकरांतील एक एकर एका मुलाच्या नावाजलेल्या महाविद्यालयाकरिता विकणे म्हणजे धाकट्याच्या ताटातील भाकरी त्यास न विचारता उचलणे होय. एकाच्या शिक्षणाचा हिशोब मांडताना सर्व मुलांची नावे कागदावर असावी. त्यातही आम्ही पाहतो की, मुलाकरिता जमीन विकण्यास जो बाप तयार होतो तोच मुलीकरिता बसभाड्याचाही विचार करितो. आजीबाईंच्या प्रश्नास आमचे उत्तर हेच की, रमाबाई व आनंदीबाई मुलीच होत्या. देव दान देताना मुलगा की मुलगी हे पाहत नाही. आपण फी देताना का पाहावे?

आता उपदेशक बंधूंस व बायबल-भगिनींस दोन शब्द. आपण गावोगाव फिरता. ज्या घरात बारावीचे मूल आहे तेथे निकालाची वाट न पाहता जा आणि त्या कुटुंबाबरोबर बसा. उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला वेळेवर काढला आहे की नाही ते विचारा. प्रवेशपरीक्षेचा व अर्जाचा दिवस चुकू देऊ नका. मंडळीत एखादा शिकलेला तरुण असेल तर त्याने मंडळीच्या ओसरीवर रविवारच्या उपासनेनंतर तासभर बसावे आणि अर्ज भरून द्यावे. अलीशाच्या गोष्टीत शेजाऱ्यांनी तेल दिले नाही, रिकामी भांडी दिली. आणि तेवढ्याने काम झाले. गरीब मंडळीही भांडी देऊ शकते. वाशीम हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झालेला जिल्हा. येथून मुलांस शिकण्यास बाहेर जावेच लागते. अकोला, अमरावती, परभणी, नागपूर येथील आपल्या मंडळ्यांस आधी पत्र गेले, तर परक्या शहरात त्या मुलीस रविवारी एक ओळखीचा चेहरा भेटेल. यास काहीच खर्च नाही.

तरुणांनो, तुम्हांसही सांगणे आहे. आईबापांनी खर्चाचा कागद पुढे ठेविला तर तो आपल्या स्वप्नाचा अपमान समजू नका. ज्या हातांनी ते आकडे लिहिले ते दिवसभर निंदण करून आलेले आहेत. तुमची आवड खरी असेल तर ती कमी फीच्या खोलीतही जिवंत राहील. बसालेलाने आपली विद्या चालविली तीदेखील रानात, तंबूंच्या वस्तीत. परंतु मनात जे आहे ते स्पष्ट बोला. गप्प राहून नकोशी विद्या पत्करणे आणि पुढे वर्षानुवर्षे आईबापांस दोष देणे, यात आज्ञाधारकपणा नाही.

पुन्हा त्या घराकडे वळू. ते घर असे बसले, तर आम्हांस वाटते काहीसे असे होईल. मुलगी दोन्ही ओळी लिहील आणि पुष्कळ वेळ त्या कागदाकडे पाहत राहील. मग ती अर्जात परभणी पहिल्याने लिहील, इतर सरकारी महाविद्यालये त्यामागून लिहील आणि रंगीत पुस्तक मिटून कोनाड्यात ठेवील. तिला वाईट वाटणार नाही असे आम्ही म्हणत नाही, वाटेल. बापालाही वाटेल, आणि तो ते लपविण्यास गोठ्याकडे जाईल. परंतु जमीन तीन एकरच राहील, धाकट्याचे नाव कागदावर राहील, आणि मुलीची आवड तिच्याजवळच राहील. जागा मिळो वा न मिळो, त्या रात्री त्या घरात तिघे एकमेकांशी बोलले असतील. बुरुजाचा पाया घालण्यास आमच्या मते हीच जागा योग्य.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आमच्या मुलांस निरनिराळी दाने दिली आहेत, ती ओळखण्यास आम्हांस दृष्टी दे. आमच्या घरात जे आहे ते प्रामाणिकपणे मोजण्यास धैर्य दे आणि जे नाही त्याकरिता खोटेपणाकडे व सावकाराकडे धावण्यापासून आम्हांस राख. जी दारे तू बंद करिशील त्यांच्यापुढे आमची मुले निराश न होवोत. जे दार उघडशील त्यातून ती आनंदाने आत जावोत. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.